चोर आला म्हणून काहीही करता येत नाही

संपादक साहेब,
चोराला बेदम मारल्याचे व्हिडिओ फिरतात अन् खाली सगळे लिहितात बरं झालं, पण कायदा तसं म्हणत नाही हो, सामान वाचवायला गरजेपुरताच जोर लावता येतो, जीवावर बेतलं तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत आयोवा राज्यात मालकाने रिकाम्या घरात दार उघडलं की उडेल अशी बंदूक लावून ठेवली, चोराच्या पायात गोळी बसली, आणि १९७१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने मालकानेच चोराला ३० हजार डॉलर द्यायचे हा निकाल कायम केला. चोराला! ऐकून राग येतो, मलाही आला. पण त्या दारातून एखादं पोर आत गेलं असतं तर? बंदुकीला काय कळतंय. आणि सामान टाकून पळून चाललेल्याच्या पाठीत दगड घालणं हा तर बचाव नाहीच, उलट केस आपल्यावरच होऊ शकते.
– एक वाचक