जुळलं ते तुमच्याकडून आलेलं

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न.

हे सगळं फोनवर सांगायचं मी तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा तुमची औषधं, कृष्णेचं पाणी कुठवर आलंय आणि शेजारच्या काकूंचा गुडघा एवढंच बोलून फोन ठेवला. फोनवर आई मध्येच रडायला लागेल, बाबा गप्प होतील आणि माझं निम्मं बोलणं राहून जाईल. म्हणून लिहितेय. आई, शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आमच्याकडे रक्तदान शिबिर होतं. त्याच्या शेजारच्या टेबलावर बोनमॅरो, म्हणजे हाडातली मज्जा, देणाऱ्यांची नोंदणी चालली होती. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, एक फॉर्म भरला, झालं. घरी सांगण्याइतकं ते मोठं वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला: एका रुग्णाशी माझी जुळणी होतेय. पुन्हा रक्त तपासलं तर ती पक्की निघाली. हृदय, यकृत, मूत्रपिंड, सगळ्या तपासण्या झाल्या, मी अगदी ठणठणीत आहे. रुग्णाबद्दल एवढंच सांगितलंय की ते लहान मूल आहे. नाव, गाव काही कळत नाही. किमान वर्षभर तरी त्यांना मी आणि मला ते कळणार नाहीत, असाच नियम आहे.

आई, तुझ्या मनात आता कोण आलं असेल ते मला ठाऊक आहे. माझ्याही मनात तोच आहे.

आत्याचा धाकटा दवाखान्यात होता तेव्हा तू दोन महिने पुण्यात राहून त्याचा डबा करायचीस. कच्चं काही चालायचं नाही, कोशिंबीर बंद, पाणी उकळून गार केलेलं, आणि तरी तो म्हणायचा, मामी, तुझं आमसुलाचं सार पाहिजे. त्याचा ब्लड कॅन्सर केमोनंतर उलटला होता आणि बोनमॅरोशिवाय इलाज उरला नव्हता. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. त्याच्या बहिणीची जुळली नाही. मग नोंदणीत शोधाशोध झाली, एक दाता मिळाला, आणि आत्याने वाईच्या ढोल्या गणपतीला एकवीस नारळांचं तोरण बोललं. पुढे काय झालं ते आपण घरात पुन्हा कधी बोललो नाही. दात्याने माघार घेतली. घरच्यांची परवानगी नाही, एवढाच निरोप आला. डॉक्टरांनी मग आत्याच्या यजमानांच्या अर्ध्या जुळणीवर प्रत्यारोपण करायचं ठरवलं, पण त्याआधीच छातीत जंतुसंसर्ग झाला. एकविसावं सरत होतं त्याचं.

त्या रात्री तू ओट्याशी उभी राहून म्हणालीस, "कसले गं ते आईबाप! दुसऱ्याचं लेकरू जातंय आणि यांच्या पोराच्या अंगाला सुई टोचवत नाही!" बाबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत, पण तुम्हीही त्यांना माफ केलं नव्हतं. मीही नाही. कितीतरी दिवस मी त्या न पाहिलेल्या घराला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

आज त्या आईबापांच्या जागी तुम्ही दोघं आहात. आणि महिनाभर तुमच्याशी फोनवर बोलताना मला पहिल्यांदा कळलं की ते दुष्ट नसणार. ते घाबरले असतील. त्यांच्या मुलाने धड सांगितलं नसेल, किंवा सांगितलं तेव्हा फार उशीर झाला असेल. म्हणून मी सगळं नीट सांगते.

आई, पहिली गोष्ट पाठीच्या कण्याची. कण्याला कुणी हात लावत नाही. पूर्वी कमरेच्या हाडातून मज्जा काढायचे, तेही पूर्ण भूल देऊन. अजूनही काही रुग्णांसाठी तसं करतात. पण आता बहुतेक वेळा हातातल्या शिरेतूनच घेतात. आधी चार-पाच दिवस रोज एक इंजेक्शन. त्याने हाडातल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून सगळं रक्त तयार होतं त्या पेशी, वाढून रक्तात उतरतात. त्या दिवसांत अंग दुखतं, हाडं ठणकतात, तापानंतर होतं तसं, आणि साध्या गोळीने ते सोसण्यासारखं होतं. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, तिथे तेवढ्या पेशी वेगळ्या होतात आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हाताने परत अंगात येतं. तीन-चार तास, कधी थोडे जास्त. डेंग्यूच्या वेळी दादाने शेजारच्या काकांना प्लेटलेट दिल्या होत्या ना, तशाच प्रकारचं मशीन. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत शरीर पुन्हा भरून काढतं. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. फार क्वचित प्लीहेला इजा होते, म्हणून तर एवढ्या तपासण्या आणि नंतरही लक्ष ठेवणं. मला खर्च एक रुपयाचा नाही आणि मिळायचाही नाही.

दुसरी गोष्ट तू विचारणार नाहीस, पण मनात घोळवशील: पुढे मूल होण्याला काही बाधा? नाही. हे मी डॉक्टरांना स्पष्ट विचारून घेतलंय. आणि स्थळ बघायला येणाऱ्यांना सांगायचं की लपवायचं? सांगायचं. हे ऐकून जे घर मागे फिरेल, तिथे मला जायचंच नाही.

बाबा, तुम्हाला 'का' लागतं, म्हणून तुमच्यासाठी. रक्तगट जुळणं इथे पुरत नाही. उलट रक्तगट वेगळा असला तरी चालतं, आणि नंतर रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो! जुळावी लागते ती पेशींवरची ओळखखूण. तिला एचएलए म्हणतात. तिचे जीन्स सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि अर्धा संच आईकडून, अर्धा बाबांकडून येतो. म्हणून आईवडील मुलाला जवळजवळ नेहमी अर्धेच जुळतात. बाहेरचा माणूस पूर्ण जुळायचा तर हजारोंत किंवा लाखांत एखादा सापडतो, आणि तो बहुधा आपल्यासारख्याच मुळाच्या लोकांत. अमेरिकेतल्या नोंदणीत गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७९ टक्के सांगतात, आशियाई वंशाच्या रुग्णाला ४७. आपल्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत लग्नं झालेली. धनगरवाड्यातल्या मुलाला, कोकणातल्या गाबितांच्या मुलीला, थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार जास्त आढळतो त्या सिंधी आणि लोहाणा घरांतल्या बाळांना दाता मिळायचा तर तिथल्याच तरुणांची नावं नोंदणीत हवीत. जगभरात ४ कोटींहून जास्त दाते नोंदलेले आहेत, त्यांत एवढ्या मोठ्या आपल्या देशाचे फक्त काही लाख. चेन्नईची 'दात्री' २००९ पासून हेच काम करतेय, बंगळुरूलाही एक मोठी संस्था आहे, तरी हीच स्थिती.

म्हणजे त्या मुलाशी जे जुळलं ते माझं नाहीच. अर्धं आईच्या माहेरचं, कुणा पणजीच्या पणजीकडून आलेलं, आणि अर्धं बाबांच्या घराण्यातलं. तुम्ही दोघांनी मला दिलेल्या ह्या दोन मुठी कुठल्यातरी घरातल्या पोराशी तंतोतंत जुळल्या. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. तुमचंच आहे, म्हणून तुम्हाला न विचारता द्यायला जीव धजत नव्हता. कायद्याने मला विचारायची गरज नाही, तरीही.

आणि हे काही काल-परवाचं नाही, बाबा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी १९८३ साली आपल्या देशातलं पहिलं यशस्वी बोनमॅरो प्रत्यारोपण केलं. रुग्ण एक लहान मुलगी होती आणि मज्जा तिच्या भावाची. डॉक्टर स्वतः लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीतून रुग्णांना तपासत आले.

आता घाईचं कारण. प्रत्यारोपणाच्या आधी साधारण आठवडाभर त्या मुलाला जबर औषधं देऊन त्याची स्वतःची मज्जा पूर्ण मारून टाकतील. त्यानंतर त्याच्या हाडांत रक्त तयार करायला काही उरत नाही. त्या दिवसानंतर मी मागे फिरले तर त्याचं काय होईल ते सांगायला नको. मला 'नाही' म्हणायचं असेल तर ते ह्या दोन आठवड्यांतच. मी 'हो' म्हटलंय. पण तुम्ही ऐन वेळी वाईहून धावत यावं आणि माझा हात धरावा, असं मला नको आहे. जे काय भांडायचं ते आत्ता भांडू. बाबा, डॉक्टरांशी बोलायचं असेल तर मी वेळ ठरवून देते, मनातला एकही प्रश्न ठेवू नका.

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल आपण बोलायचं टाळतो.

आजी गेली ती पहाटे अडीचला. मुंबईचे काका येईपर्यंत म्हणून आपण दुपारपर्यंत थांबलो. दहाव्याला बाबा एकदम म्हणाले, "डोळे द्यायचे म्हणायची ती." तोवर सगळं संपलेलं होतं. डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, हे आपल्याला तेव्हा माहीत नव्हतं. नेत्रपेढीला फोन केला की माणसं घरी येतात, अर्ध्या तासाच्या आत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला, साखर असली तरी चालतं. ती माणसं येईपर्यंत पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर थोडं उंच. बाबा, तुम्ही आजीचं ते वाक्य अजून मनात धरून आहात हे मला दिसतं. तुमचा दोष नाही. घरात कुणी हे वेळेवर बोललंच नव्हतं.

तेच अवयवांचं. आपल्याकडे १९९४ चा कायदा आहे, महाराष्ट्रात तो फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. एखाद्याचा मेंदू मृत झालाय हे चार डॉक्टरांना किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून ठरवावं लागतं. मशीनवर हृदय धडधडत असतं, अंग कोमट असतं, आणि त्याच वेळी घरच्यांना विचारतात. माणसाने आयुष्यभर कार्ड खिशात बाळगलं तरी शेवटी घरच्यांच्या होकाराशिवाय कुणी पुढे जात नाही. अशा क्षणी कुठल्या आईने नव्याने विचार करायचा? म्हणून मी आधीच सांगून ठेवते. माझ्यावर तशी वेळ आली तर माझ्याकडून 'हो' समजा. मूत्रपिंडं, यकृत, हृदय, डोळे, जे कामाचं असेल ते सगळं. आई, असं अभद्र बोलू नकोस म्हणशील. दोन मिनिटं अभद्र वाटू दे. आणि तुमच्या मनात काय आहे तेही मला सांगा, आजीच्या वेळेसारखं व्हायला नको.

तुमच्या वयाला बोनमॅरो देता येत नाही, नोंदणी अठरा ते साधारण पन्नासपर्यंतच घेतात. पण बाबा, सकाळी घाटावर तुम्ही सगळे बसता, त्यातल्या प्रत्येकाच्या घरी विशीतला नातू नाहीतर नात आहे. उद्या त्यांच्यापैकी कुणाला असा फोन आला तर तो आधी आजोबांच्या तोंडाकडे बघेल. त्या आजोबांना तुम्ही हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल. आमसुलाच्या साराचं तेवढं वगळा.

इंजेक्शनं सुरू होतील तेव्हा आई, तू इकडे ये. मेतकूट आण, मऊ भात मी लावेन. आत्याला मी अजून सांगितलेलं नाही. ते तू सांग, तिच्याजवळ बसून. मला ते जमणार नाही.

सोबत नमुना ७ जोडलाय, अवयवदानाच्या इच्छेचा. मी भरून सही केलीय. त्यावर दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. ती जागा मी रिकामी ठेवलीय. बाबा, प्रगतिपुस्तकावर करायचात तशी, पूर्ण नाव लिहून सही करा. मनाला पटल्याशिवाय करू नका. आणि पटलं नाही तर कागद तसाच परत न पाठवता स्वतः घेऊन या, बसून बोलू.

तुमची,
ताई