रॉ फोटो बिघडलेले नसतात

महोदय,

सारंगखेड्याची यात्रा आली की घोड्यांचे रॉ फोटो (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाईली) घरच्या संगणकावर उघडत नाहीत, अशी ओरड सुरू होते. फाईल बहुधा धडधाकटच असते. विंडोज १० किंवा ११ वर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'रॉ इमेज एक्स्टेन्शन' फुकट घ्या. फोल्डरमध्येच एनईएफ (निकॉनच्या), एआरडब्ल्यू (सोनीच्या) अशा रॉ फाईलींची छोटी चित्रं दिसू लागतात. जुन्या, मंद संगणकाला फास्टस्टोन हा फोटो पाहण्याचा प्रोग्राम बरा. रॉ फाईलच्या पोटात कॅमेऱ्याने ठेवलेला जेपीईजी तो दाखवू शकतो, म्हणून चटकन उघडतो. मात्र तो जेपीईजी पाहून फोटो खराब ठरवू नका, पुसून टाकू नका. काळ्या घोड्याच्या अंगावरचे बारकावे त्या जेपीईजीत बुडालेले दिसतात, मूळ रॉमध्ये ते बऱ्याचदा शाबूत असतात. आणि फाईलच्या नावाची शेपटी बदलून 'जेपीजी' लिहिल्याने रॉचा जेपीजी होत नाही!

– एक छायाचित्रकार, शहादा