इप्पत्तैदु

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

रोज फोनवर बोलतो, तरी हे लिहूनच पाठवावंसं वाटलं. फोनवर तुमच्या गोळ्या, माझं जेवण, पाणी आलं की नाही, एवढ्यातच वेळ जातो.

बांधकामाच्या साइटवरच्या मुलांना मी शनिवार-रविवार शिकवते, हे तुम्हाला माहीत आहे. लेबर कॅम्पच्या टोकाला पत्र्याची एक खोली आहे, चौदा-पंधरा मुलं येतात. कोण कितवीत आहे हे आम्ही बघत नाही. ज्यांना अजून अक्षरं येत नाहीत ती एका चटईवर, शब्द जुळवणारी दुसऱ्या, गोष्ट वाचणारी तिसऱ्या चटईवर. 'प्रथम' संस्थेनं देशभर नेलेली ही पद्धत. चौथीतली ताई आणि पहिलीतला भाऊ कधी कधी एकाच चटईवर येतात. सुरुवातीला त्या ताईला लाज वाटते, मग पुढच्या चटईवर जायची घाई होते.

त्यातला एक आठ वर्षांचा मुलगा. बहीण त्याला 'तम्मा' म्हणते, म्हणून आम्हीही तम्माच म्हणतो. कर्नाटकातल्या यादगीरकडचे आहेत. जवळच्या मराठी शाळेत तिसरीत नाव आहे. आई साइटवर घमेली उचलते आणि दुकानात हाच जातो. वीसची नोट देऊन तेराचं सामान आणलं, तर सात रुपये मोजून घेतो, कधी फसत नाही. पण वहीत मी 'पंचवीस' सांगितलं की लिहायचा 52. 'चौऱ्याहत्तर' म्हटलं की 47. एक महिना मी हेच खोडत राहिले. एका शनिवारी, ऑफिसचा सगळा आठवडा डोक्यावर असताना, मी त्याच्यावर ओरडले. "लक्ष कुठे असतं तुझं?" त्यानं पाटी उलटी ठेवली आणि तासभर हात लावला नाही. आई, त्या रात्री मला झोप लागली नाही.

गेल्या शनिवारी काड्यांचे गठ्ठे बांधत होतो. दहा काड्यांचा एक गठ्ठा, बाकीच्या सुट्ट्या. तम्मा खाली मान घालून पुटपुटत मोजत होता. दोन गठ्ठे बाजूला ठेवले, मग सुट्ट्या काड्या. इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु... आई, माझ्या कानात एकदम अक्कलकोटची आजी बोलली. कडब्याच्या पेंढ्या मोजताना ती असंच म्हणायची ना? मी त्याला विचारलं, "इप्पत्तैदु लिही." त्यानं लिहिलं 25. न अडखळता.

तेव्हा मला कळलं. कानडीत आधी 'इप्पत्तु', म्हणजे वीस, मग 'ऐदु', म्हणजे पाच. जसं बोलायचं तसंच लिहायचं. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि हातानं मात्र दोन आधी लिहायचा. तम्मा ऐकलं तसं लिहीत होता. त्याला दशक-एकक चांगलं कळत होतं, आणि महिनाभर मी त्याला चूक ठरवत होते.

बाबा, 2019 चा उन्हाळा आठवतो? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' असं वाचायला दिलं, तेव्हा तुम्ही किती चिडला होतात. मराठीचा गळा घोटतायत म्हणाला होतात, आणि मीही मान डोलावली होती. मंगला नारळीकर त्या विषय समितीच्या प्रमुख होत्या. जोडाक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या नावांत लहान मुलं अडकतात, हे त्या समजावत होत्या. आता मला वाटतं, त्यांचं बरोबर होतं. एकवीस, त्रेसष्ट ही नावं मुलांना यायलाच हवीत, मला ती प्रिय आहेत. पण त्यांच्यापर्यंत जायला 'वीस एक' ही पायरी कुणी दिली, तर त्यात भाषेचं काही जात नाही. घरी मराठीच बोलणाऱ्या दोन मुलीही माझ्याकडे तिथेच अडतात. (परवा त्यातल्या एकीनं विचारलं, "ताई, एकोणनव्वद आहे, मग एकोणशंभर का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा.)

आज तम्माला मी आकड्यांच्या तिन्ही रांगा शेजारी शेजारी म्हणायला लावल्या. इप्पत्तैदु, वीस पाच, पंचवीस. दहा पैकी आठ आकडे बरोबर आले. जाताना पाटी मला दाखवायला परत आला.

पण माझं कानडी तिसाच्या पुढे जात नाही. आई, तुझं माहेरच तिकडचं. आणि बाबा, सोलापूर-अक्कलकोट गाडीवर तुम्ही इतकी वर्षं कानडीतून तिकिटं फाडलीत. सुट्टे पैसे मागताना 'इप्पत्तैदु कोडरी' म्हणायचात, ते मी पुढच्या सीटवर बसून ऐकलंय. बाबांनी एक ते शंभर कानडी आकडे देवनागरीत लिहून काढा, तुमच्या ठसठशीत अक्षरात, म्हणजे भिंतीला लावता येतील. आणि आई, तू ते सावकाश म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड कर. मुलांना तुझा आवाज ऐकू दे.

तेवढं या शनिवारच्या आत पाठवा. शेवटचा स्लॅब पडत आला आहे. दिवाळीनंतर मुकादम ही माणसं कुठल्या साइटवर नेईल, ते तम्माच्या आईलाही अजून माहीत नाही.

तुमची,
ताई