आरशातल्या रेणूंसाठी एक कॉलम द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

साहेब, एम.एस्सी. होऊन मी लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत एका औषध कारखान्याच्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये लागलो आणि दुसऱ्याच आठवड्यात एचपीएलसीच्या, म्हणजे द्रवाच्या धारेत मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, कायरल कॉलममधून ॲसिटोन सोडला. कॉलम म्हणजे घटक वेगळे करणारी भरलेली नळी; कायरल म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारख्या रेणूंची जोडी सोडवणारी. नेहमीचा साधा कॉलम, सी-१८, असता तर खपून गेलं असतं. या कॉलममध्ये सिलिकावर सेल्युलोजपासून केलेल्या पॉलिमरचा नुसता लेप होता. ॲसिटोनने तो सुटला आणि लाखाच्या घरातली, वीतभर लांबीची नळी भंगारात गेली. सुपरवायझरनी एवढंच विचारलं, "कॉलेजात कधी हात लावला नव्हतास?" नव्हता. आकृती काढली होती, पाच मार्कांची.

आम्हा किनाऱ्यावरच्यांना हा विषय कळायला शंख पुरतो. दक्षिणावर्ती देव्हाऱ्यात बसतो, कारण बाकीचे जवळपास सगळे वामावर्ती. काही रेणूंच्याही अशा जोड्या असतात: वजन तेच, उत्कलनबिंदू तोच, वळण तेवढं उलटं. साध्या कॉलमवर दोघांचं मिळून एकच पीक, म्हणजे आलेखावरचं टोक, येतं. कायरल कॉलमवरचा लेप मात्र स्वतःच एका वळणाचा. हेक्झेन-आयसोप्रोपेनॉलच्या धारेत जोडीतला एकजण त्याला जरा जास्त बिलगतो, मागे रेंगाळतो, आणि दोन पीक सुटी होतात. पाश्चरने १८४८ साली हेच काम चिमट्याने स्फटिक निवडून केलं. पण तसे निवडता येणारे स्फटिक फार थोड्यांचे होतात.

क्षयावरच्या एथॅम्ब्युटॉलचं एक रूप जंतूंवर चालतं, त्याची आरशातली प्रतिमा जवळपास निकामी. डोळ्यांना धोका मात्र दोन्हींचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर १९९२ पासूनच अशा औषधांची दोन्ही रूपं वेगळी मोजता यायला हवीत असं धोरण ठेवलं आहे. त्यामुळे निर्यात करणाऱ्या कारखान्याला हे काम येणारा माणूस लागतोच, आणि तो बहुतेकदा घाटावरून येतो.

मागणी मोठी नाही. रत्नागिरी किंवा चिपळुणात, आसपासच्या सगळ्या कॉलेजांना वापरता येईल असं एक एचपीएलसी यंत्र आणि दोन कायरल कॉलम. शिवाय कॉलम नि सॉल्व्हंटसाठी दरवर्षीची वेगळी तरतूद, ही अट विसरू नका. यंत्राला फीत कापून मिळते, कॉलमला कोण विचारतो? मग तीन वर्षांत यंत्रावर प्लास्टिकचं कव्हर चढतं.

माझी सुट्टी सोमवारी असते. यंत्र आलं तर पहिल्या बॅचला मी येऊन शिकवीन, फुकट. ॲसिटोनची बाटली कुठे ठेवायची नाही, तिथपासून.

आपला नम्र,
एक केमिस्ट, चिपळूण