हे शेवाळ नव्हे आणि बांडगूळही नव्हे

महोदय,

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या सव्हाना शहराचे छायाचित्र होते. ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या राखी जटा आणि खाली धुक्यात बुडालेली वाट. छायाचित्र फार सुंदर आहे, पण त्याखाली ‘झाडांचा रस शोषणारे शेवाळ’ असे छापलेले वाचून राहवले नाही. मी बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवले. मुलगी सव्हानात असते, म्हणून मागच्या वर्षी मार्च ते मे मी तिच्याकडे होते. या जटा मी रोज पाहिल्या, हातात घेतल्या, भिंगाखाली धरल्या. त्या रस शोषत नाहीत आणि ते शेवाळही नाही.

पहिल्या रात्री मला भीती वाटली, हे मात्र आधी सांगते. विमानतळावरून घरी येताना अकरा वाजून गेले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांनी वर कमान धरली होती, आणि गाडीच्या दिव्यांच्या उजेडात त्या कमानीतून हातहातभर, कुठे पुरुषभर लांब झिपऱ्या खाली आलेल्या. वारा जाणवत नव्हता, तरी त्या हलत होत्या. लहानपणी आजोळी पिंपळावर मुंजा आहे म्हणून तिन्हीसांजेनंतर आम्हाला त्या बाजूला जाऊ देत नसत. इतक्या वर्षांनी, इतक्या दूर, तोच गोळा पोटात आला. सकाळी उठून पाहते तर त्याच झिपऱ्यांतून ऊन गाळून येत होते आणि अंगणभर चांदीचा धूर पसरल्यासारखा दिसत होता. भीती आणि सौंदर्य एकाच झाडावर असे एकत्र मी आधी कधी पाहिले नव्हते.

या वनस्पतीचे नाव स्पॅनिश मॉस. ती मुळात स्पेनची नाही. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून थेट अर्जेंटिनापर्यंत आढळते. ती मॉस, म्हणजे शेवाळही, नाही. ती अननसाच्या कुळातली आहे. आमच्या दोडामार्गकडे अननसाच्या बागा आहेत. त्या काटेरी, जमिनीला घट्ट धरून बसलेल्या झुडपाची ही नातलग, हे मला स्वतःलाही पटायला वेळ लागला. शास्त्रीय नाव टिलँडसिया उस्निऑइडिस. यातला ‘उस्निया’ म्हणजे झाडांवर दाढीसारखे लोंबणारे एक दगडफूल, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतले. दिसते त्या दाढीसारखी, म्हणून हे नाव. पण दगडफुलाला फूल येत नाही आणि हिला येते.

ते फूल मी पाहिले. एप्रिल सरता सरता एका रात्री ओसरीवर बसले असताना मंद गोड वास आला. आधी वाटले शेजारी काही फुलले असेल. बॅटरी घेऊन शोधले तर जटांमध्येच तीन पाकळ्यांची, पिवळट हिरवी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी फुले. दिवसा शंभर वेळा त्यांच्याखालून गेले होते, एकदाही दिसली नव्हती.

आता मुख्य मुद्दा. वाढलेल्या रोपाला मुळेच नसतात. ते फांदीवर नुसते अडकलेले असते. सालीच्या आत त्याचे काही शिरत नाही, मग रस शोषणार कशाने? त्याच्या दोऱ्यासारख्या पानांवर आणि देठांवर बारीक खवले असतात. पाऊस, दव, धूळ यांतून लागेल ते हे खवलेच टिपून घेतात. पानांची छिद्रे ते रात्री उघडते आणि दिवसा मिटून ठेवते, त्यामुळे पाणी उडून जात नाही. नातीला दाखवायला मी एक झुबका तोडला आणि त्यावर फुलपात्रभर पाणी ओतले. बघता बघता राखी रंग गेला आणि तो हिरवा झाला. कोरडे असताना खवल्यांवरून उजेड परततो म्हणून ते रुपेरी दिसतात. भिजले की पारदर्शक होतात आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. नातीने तो झुबका दिवसभरात सात वेळा भिजवला.

मग ते लाइव्ह ओक या सदाहरित ओकवरच इतके का, असा प्रश्न मलाही पडला होता. या ओकच्या पानांवरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम अशी खनिजे बरीच उतरतात, तेच हिला मिळते. म्हणजे झाडाच्या अंगावरून वाहून गेलेले पाणी ती पिते. पाणथळीतल्या बाल्ड सायप्रस झाडांवरही ती याच कारणाने दाट असते. वठत चाललेल्या झाडावर जटा जास्त दिसतात, म्हणून लोक त्यांनाच दोषी धरतात. खरे तर पाने विरळ झाल्याने ऊन आत येते आणि ती फोफावते. पावसात भिजून जड झाली की एखादी कमकुवत फांदी मोडते, एवढा दोष तिच्या पदरात जरूर घालावा.

मुलीने एक दिवस विल्मिंग्टन नदीकाठच्या बोनाव्हेंचर दफनभूमीत नेले. दगडी पुतळे, त्यांच्या खांद्यांपर्यंत उतरलेल्या जटा, पलीकडे खाडीसारखे संथ पाणी. 1867 च्या ऑक्टोबरमध्ये जॉन म्यूर, पुढे अमेरिकेतल्या अरण्यांसाठी आयुष्य वेचणारा निसर्गप्रेमी, इथे थडग्यांमध्ये झोपत असे. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता, पायी मेक्सिकोच्या आखाताकडे निघाला होता आणि घरून यायचे पैसे आले नव्हते. उपाशीपोटी तो या ओकांखाली राहिला आणि तरी ही जागा त्याला अतिशय जिवंत वाटली. मी तासभर तिथल्या बाकावर बसले. माझ्या यजमानांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. स्मशान म्हटले की आपल्याकडे पाठ फिरवून परत यायचे असते. तिथे बसून राहावेसे वाटले.

या जटांचा व्यवहारही मोठा होता. त्या ओल्या ढिगात कुजवायच्या, वरची राखी साल गळून गेली की आतला काळा, घोड्याच्या केसांसारखा धागा हाती लागतो. आमच्याकडे नारळाची सोडणं पाण्यात कुजवून काथ्या काढतात, जवळजवळ तसेच. गाद्यांत, खुर्च्यांत, मोटारींच्या बैठकांत तो धागा भरत. 1939 साली असा तयार माल दहा हजार टनांहून जास्त निघाला. फोम आला आणि धंदा बसला. पक्ष्यांनी मात्र सोडले नाही: नॉर्दर्न पॅरुला नावाचा चिमुकला पक्षी आजही या जटांत घरटे करतो.

चुकीच्या ओळीची मला एवढी टोचणी का लागली, तेही सांगते. आमच्या फणसावर बाशिंग नावाचे नेचे होते आणि सीतेची वेणी हे ऑर्किड होते. दोन्हीही झाडावर केवळ बसतात, त्याचे काही घेत नाहीत. मी सव्हानात असताना घराची देखभाल करणाऱ्याने ‘बांडगूळ वाढलंय’ म्हणून दोन्ही कोयत्याने खरवडून काढले. खरे बांडगूळ आमच्याच रायवळ आंब्यावर आहे, लाकडात मूळ रुतवून बसलेले, त्याला कोणी हात लावला नाही. सीतेची वेणी मी लावली तेव्हा धाकटा मुलगा चौथीत होता.

कृपया पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी. माझ्याकडे त्याच शहरातले, मुसळधार पावसानंतर काढलेले एक छायाचित्र आहे, त्यात सगळ्या जटा हिरव्या दिसतात. हवे असल्यास पाठवते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सावंतवाडी