हिरड्याच्या पोत्यावर गावाचे नाव हवे

महोदय,

त्रिफळा चूर्णाच्या डबीवर कारखान्याचा पत्ता असतो, बॅच क्रमांक असतो, वापरायची मुदत असते. आतला हिरडा कुठल्या रानातला, हे विचारले तर बहुतेक वेळा कंपनीच्या खरेदी विभागालाही सांगता येत नाही. जैवविविधता कायद्याचा पैसा गावापर्यंत न पोचण्याचे खरे कारण आमच्या मते हेच आहे. चर्चा मात्र सगळी दरांवर होते.

कायदा 2002 सालचा. रानातल्या मालाचा व्यापारी वापर करणाऱ्याने आधी राज्य जैवविविधता मंडळाला कळवायचे आणि लाभातला हिस्सा द्यायचा, अशी त्याची मांडणी. देशी कंपन्यांना हे लागू नाही, असा युक्तिवाद आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्या दिव्य फार्मसीने केला होता. उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये तो फेटाळला. 2025च्या नव्या विनियमांनुसार वार्षिक उलाढाल 5 कोटींपर्यंत असेल तर काही द्यायचे नाही. 5 ते 50 कोटींना कारखान्यातून निघतानाच्या विक्रीमूल्यावर 0.2 टक्के, 50 ते 250 कोटींना 0.4 आणि त्यापुढे 0.6 टक्के. म्हणजे 40 कोटींची अशी विक्री असलेल्या कंपनीला 8 लाख रुपये. एवढ्याने कुठलीही कंपनी बुडत नाही.

हे 8 लाख मंडळाकडे जमा झाले असे समजू. मंडळाने थोडा भाग प्रशासनाला ठेवून उरलेला जिथून माल आला तिथल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला, म्हणजे या कायद्याखालच्या स्थानिक समितीला, द्यायचा. पण माल कुठून आला? वेचणारी बाई पाटीभर हिरडा गावच्या दुकानदाराला घालते. तो चार वाड्यांचा माल एकत्र करून तालुक्याच्या व्यापाऱ्याला देतो. तिथून आडत्या, मग वखार, मग दलाल आणि शेवटी कारखाना. दुसऱ्याच हातात गावाचे नाव पुसले जाते. हक्कदार ठरवता येत नाही, म्हणून पैसा संवर्धनाच्या सर्वसाधारण खात्यात पडून राहतो. रान राखणाऱ्याला आणि रान ओरबाडणाऱ्याला त्यातून सारखेच मिळते, म्हणजे काहीच नाही.

याची किंमत झाडे मोजतात. बाळहिरड्याला भाव चांगला, म्हणून फळ कोवळे असतानाच झोडपले जाते. बी तयारच होत नाही, मग खाली रोप कुठून दिसणार? वावडिंगाची फळे हाताला येत नाहीत म्हणून अख्खी वेल बुंध्याशी तोडतात. सप्तरंगीचे मूळच औषधी असल्याने झाड उपटले जाते. अर्जुनाची साल खोडाच्या एकाच बाजूने, बाहेरच्या थरापुरती काढली तर जखम भरून येते. सभोवार सोलली की झाड उभ्या उभ्या वाळते. नरक्या या झाडाचे काय झाले ते सह्याद्रीत सर्वांना ठाऊक आहे: कर्करोगावरच्या औषधासाठी मागणी आली आणि झाडेच्या झाडे तोडून नेली गेली. खरेदीदाराला गाव ठाऊक नसेल, तर त्याने काढणीच्या कितीही अटी घातल्या तरी त्या पाळल्या गेल्या की नाही, हे तपासायचे कुठे?

आमची सूचना साधी आहे. वेचणीच्या गावातच पोते शिवताना त्याला चिठ्ठी लागावी. तिच्यावर गाव, मालाचे स्थानिक आणि शास्त्रीय नाव, काढणीचा महिना, वाळवलेले वजन आणि समितीचा शिक्का असावा. शास्त्रीय नाव अशासाठी, की वावडिंग या एकाच नावाखाली बाजारात दोन-तीन जातींची फळे चालतात आणि अशोकाची साल म्हणून दुसऱ्याच झाडाची खपते. प्रत्येक हातबदलात चिठ्ठीचा क्रमांक बिलावर चढला पाहिजे. चार गावांचा माल एकत्र होणारच; तिथे चारही क्रमांक आणि वजने लिहिली की पुरे. कंपनीने वर्षाच्या विवरणात हेच क्रमांक द्यावेत आणि मंडळाने वजन व भाव पाहून रक्कम वाटावी. त्रिफळ्यात हिरडा, बेहडा आणि आवळा तिन्ही असतात. तिथे प्रत्येक घटकाच्या खरेदीच्या प्रमाणात हिस्सा पडेल. हिशेब किचकट नाही, जीएसटीचा याहून किचकट असतो.

सरकारच्या बाजूने नवे कार्यालय लागत नाही. वनहक्क नियमांत 2012 साली दुरुस्ती झाली आणि सामूहिक हक्काच्या क्षेत्रात गौण वनोपजाचा, म्हणजे लाकूड सोडून रानातल्या इतर मालाचा, वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. त्याच परवान्यावर चिठ्ठीचा क्रमांक छापता येईल. जैवविविधता कायद्याचे कलम 41 जैवविविधता समितीला व्यापारी वेचणीवर शुल्क आकारू देते. तो पैसा मंडळाची वाट न पाहता थेट गावच्या निधीत येतो, पण हे कलम वापरणाऱ्या समित्या विरळाच.

अडचण आहे ती समितीने गावातल्या जीवजातींच्या ठेवायच्या नोंदवह्यांची. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी 2020ची मुदत घातली, चुकल्यास राज्यांना महिना 10 लाख रुपयांचा भुर्दंड लावला. मग देशभर धडाक्याने समित्या झाल्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या लिहून निघाल्या. शेजारच्या गावाची वही पाहून उतरवलेली वही ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. वहीत जातींची यादी असते. किती झाडे, त्यांतली फळणारी किती, नवी रोपे किती, हे नसते. किती माल काढावा हे ठरवायला तेच आकडे हवेत. मालासाठी ज्या कंपन्या रानावर अवलंबून आहेत त्यांनी सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) आणखी एक वृक्षारोपण करण्याऐवजी या मोजणीचा खर्च उचलावा. मोजणी मात्र गावाने आणि वनस्पतिशास्त्राच्या महाविद्यालयाने करावी, खरेदीदाराने नव्हे. हिरड्याची निदान पाव फळे झाडावर पिकू द्यायची, असा नियम त्या आकड्यांवरच टिकेल.

हे आपल्याकडे घडू शकते, याचा दाखलाही आहे. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था आणि ब्रिटनची पक्का हर्ब्ज ही कंपनी यांनी सह्याद्रीतल्या हिरडा-बेहड्यासाठी फेअरवाइल्ड प्रमाणपत्राची, म्हणजे रानातला माल झाडे राखून आणि रास्त भावाने घेतल्याच्या दाखल्याची, पद्धत आणली. माल कुठल्या झाडांचा हे ठाऊक असते आणि वेचणाऱ्याला वाढीव भाव मिळतो. बेहड्याच्या ज्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो, ती झाडे लाकडासाठी विकण्यापेक्षा उभी ठेवणे परवडते.

उलटा दाखला केरळचा. काणी आदिवासींच्या माहितीवरून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले. तिरुवनंतपुरमच्या सरकारी संशोधन संस्थेने 1995 मध्ये एका आयुर्वेदिक कंपनीला 10 लाख रुपये आणि 2 टक्के स्वामित्वधनावर परवाना दिला आणि निम्मी रक्कम काणींच्या न्यासाला ठेवली. करार उत्तम होता. पण वनस्पतीची पाने वनखात्याच्या ताब्यातल्या जंगलातली. खात्याने लागवडीला आणि तोडीला हरकत घेतली आणि पुरवठाच अडला. एका खात्याने सही केली, दुसऱ्याला विचारलेच नव्हते. म्हणून आपल्याकडे करारावर मंडळ, वनखाते, ग्रामसभा आणि कंपनी अशा चौघांच्या सह्या पहिल्याच दिवशी हव्यात.

एक धोका आताच सांगून ठेवतो. 2023च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना सूट दिली आणि उगमाचा दाखला समितीने द्यायचा ठरवले. रानातला माल ‘लागवडीचा’ म्हणून दाखवण्याचा मोह होणारच. बियांपासून वाढवलेला हिरडा फळायला आठ-दहा वर्षे घेतो. तीन वर्षांच्या लागवडीवर कुणी दोन टन हिरड्याचा दाखला मागत असेल, तर समितीने सातबारा, लागवडीचे वर्ष आणि झाडांची संख्या पाहिल्याशिवाय शिक्का मारू नये.

नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाने सगळा महाराष्ट्र एकदम घेऊ नये. जुन्नर-आंबेगावचा हिरडा आणि संगमेश्वरचा बेहडा, एवढ्यावर पुढच्या हंगामात चिठ्ठी लावून पाहावी आणि कोणत्या गावाला किती रक्कम गेली ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे.

– गौण वनोपज आणि लोक जैवविविधता नोंदवहीच्या कामातील काही वाचक, जुन्नर