सशाला आंघोळ घालू नका

मा. संपादक,

चवथ जवळ आली की आपल्याकडे घरोघरी साफसफाई निघते. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी उतरतात, भिंतींना रंग लागतो. या धांदलीत घरातल्या सशालाही कोणीतरी बादलीत बुचकळून काढते. तसे कोणी करू नये म्हणून हे पत्र.

2019 च्या चवथीच्या आदल्या दिवशी मी स्वतःच ते केले. नातवाचा पांढरा ससा पोटाखाली आणि पायांना मूत लागून पिवळा पडला होता. दुसऱ्या दिवशी घरात गणपती, पाहुण्यांची ये-जा. विकणाऱ्याने सांगून ठेवले होते, ‘महिन्यातून एकदा शांपू लावून धुवा, केस छान फुलतात.’ मी कोमट पाणी घेतले आणि त्याला बादलीत धरले. त्याने दोन-तीनदा जोरात लाथा झाडल्या, मग एकदम निपचित राहिला. मला वाटले, पाणी मानवले. ससा भीतीने असा थिजतो, हे मला पुढे कळले. बाहेर पावसाची झड. पंचाने कितीही पुसले तरी कातडीजवळचे दाट केस वाळेनात. रात्री त्याचे कान गार लागत होते आणि गवताला त्याने तोंड लावले नाही. पहाटे मुलगा गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला उठला तेव्हा ससा गेलेला होता. आठ वर्षांच्या नातवाने मला विचारले, ‘आजी, आंघोळ घातली म्हणून?’

जनावरांच्या डॉक्टरांनी मग मला सगळे समजावले. ससा मांजरासारखा स्वतःचे अंग चाटून साफ ठेवतो. भिजला की त्याच्या अंगातली ऊब झपाट्याने जाते आणि धसक्यानेही तो मरू शकतो. त्याची हाडे हलकी, मागचे पाय मात्र फार जोरकस. घट्ट धरलेल्या सशाने उसळी मारली तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो.

पण मला सर्वांत जास्त लागले ते त्यांचे पुढचे बोलणे. ससा मळला असेल तर आधी पिंजरा बघा, मग खाणे बघा, असे ते म्हणाले. आमचा पिंजरा दोन-दोन दिवस तसाच असायचा आणि ससा ओल्या कागदावर बसायचा. नातू लाडाने त्याला बिस्किटे आणि गाजरे भरवायचा. गवत कमी आणि गोड जास्त झाले की विष्ठा मऊ होऊन शेपटीखाली चिकटते. आपल्या पावसाळी दमट हवेत हे जिवावर बेतते. त्या घाणीवर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या होऊन जिवंत सशाच्या मांसात शिरतात. म्हणून पावसाळ्यात मी रोज सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली बघते. घाण असली तर तेवढीच जागा कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने पुसते आणि लगेच कोरडी करते. अळ्या दिसल्या तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये, त्याच तासाला डॉक्टर गाठावा.

आता आमच्याकडे दोन ससे आहेत. आठवड्यातून दोनदा मऊ ब्रश फिरवते, केस झडायच्या दिवसांत रोज. सशाला उलटी होत नाही. चाटताना पोटात गेलेले केस पुढे सरकायला भरपूर गवत लागते. पावसात गवताला बुरशी धरते, म्हणून मी ते उन्हाळ्यातच वाळवून पत्र्याच्या डब्यात भरून ठेवते. केसांची गुठळी झाली तर बोटांनी हळूहळू सोडवते, कात्री लावत नाही. सशाची कातडी इतकी पातळ असते की गुठळीबरोबर तीही कापली जाते. नखे महिना-दीड महिन्याने. सून त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेते, मी नखामागे बॅटरी धरून आतली लाल शीर बघते आणि तिच्या अलीकडेच टोक कापते. चुकून रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचे. टाल्कम पावडर लावू नये, ती श्वासातून फुप्फुसात जाते. कुत्र्यासाठी आणलेले पिसवांचे औषध तर सशाला कधीच नको. अशा पुष्कळ औषधांत फिप्रोनिल हे कीटकनाशक असते, ते त्याला विषासारखे आहे. आणि अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ ससा काही खात नसेल, तर उद्यापर्यंत थांबू नये.

गेल्या आठवड्यात शेजारची मुलगी नवा ससा घेऊन आली आणि मला विचारू लागली, ‘आजी, याला कुठला शांपू लावू?’ तिलाही विकणाऱ्याने तेच सांगितले होते. 2018 च्या केंद्रीय नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानांना नोंदणी सक्तीची आहे, आणि त्या नियमांत ससाही येतो. ही नोंदणी करणाऱ्या राज्य प्राणी कल्याण मंडळाला माझी विनंती आहे की नोंदणी करताना दुकानदाराच्या हाती मराठी-कोंकणीत छापलेले एक पान द्यावे आणि ते प्रत्येक सशाबरोबर गिऱ्हाइकाला मिळेल असे बघावे. ‘पाण्यात घालू नका’ हे त्यावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत असावे. चवथीपूर्वी झाले तर फार बरे होईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली